टपावरची कयाक: आधी वजाबाकी, मग सहल

पाणी आहे, गाडी आहे, ग्रुपही तयार आहे. अडतं ते दहा फुटांची कयाक पाण्यापर्यंत न्यायची कशी, इथे. ‘दोरी टाक वरून, काय होतंय’ म्हणण्याआधी हे वाचा.

नळदुर्गच्या पोरांना पाण्याचं कौतुक कुणी शिकवायला नको. बोरी नदी किल्ल्याला खेटून वाहते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात किल्ला आणि रणमंडळ यांच्यामध्ये बांध घातला गेला आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बसवला गेला. नदीला जोर आला की बांधावरून नर-मादी धबधबे कोसळतात आणि सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या आपोआप किल्ल्याकडे वळतात. वरच्या अंगाला बोरी धरण. सोलापूर ओलांडून पुण्याच्या बाजूला गेलं की सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर उजनीचा अथांग जलाशय. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या भागाजवळ एवढं पाणी आहे, हे बाहेरच्यांना पटकन पटत नाही.

आता कयाकिंगचं वेड तारकर्ली, कोलाड, पवनामार्गे आपल्याकडेही पोहोचलंय. कोकणात जाऊन एकदा वल्हं हातात घेतलं की परतीच्या गाडीत चर्चा ठरलेली असते. ‘चौघांत मिळून एक घेऊ की यार.’ कयाक ऑनलाइन मिळते, सेकंडहँड मिळते, ओळखीत भाड्यानेही मिळते. ती घरी आल्यावर लक्षात येतं, की ही वस्तू लिफ्टमध्ये मावत नाही, डिकीत मावत नाही आणि बाईकवर तर विचारायलाच नको. उरतो गाडीचा टप.

पुण्याच्या सीओईपीचा बोट क्लब १९२८ पासूनचा. तिथली विद्यार्थ्यांनी भरवलेली रेगाटा प्रसिद्ध आहे. पण त्यांची नदी कॉलेजच्या दारात आहे. बोट उचलली, घाटावर नेली, सोडली पाण्यात. आपलं तसं नाही. आपल्याला बोटीआधी रस्ता पार करायचा असतो, आणि तोही राष्ट्रीय महामार्ग ६५. कंटेनर, उसाच्या ट्रॉल्या, रात्रीच्या ट्रॅव्हल्स आणि मध्येच दुधाचे कॅन लावलेल्या बाईक. टपावरची कयाक सुटली तर तुमचं नुकसान काही हजारांचं. मागच्या बाईकवाल्याचं काय होईल, याचा हिशेब पैशांत होत नाही.

आधी कयाक बघा, मग गाडी

बरेच जण उलटं करतात. आधी इंटरनेटवर दिसणारं चकचकीत रूफ रॅक मागवतात आणि मग कयाक शोधतात. सुरुवात कयाकची लांबी आणि वजन, या दोन आकड्यांपासून करा.

हौशी लोक वापरतात ती वर बसायची प्लास्टिकची कयाक साधारण ९ ते १२ फुटांची असते. एकट्याची असेल तर वजन २० ते ३० किलो आणि रुंदी पाऊण मीटरच्या आसपास. समुद्रात लांब पल्ल्याला वापरतात ती सी-कयाक अरुंद असते, पण १६-१७ फुटांपर्यंत जाते. ऑलिंपिकमधल्या स्प्रिंटची एकट्याची कयाक ५.२० मीटरपर्यंत लांब असू शकते आणि तिचं किमान वजन फक्त १२ किलो ठरवलेलं आहे. चौघांची कयाक तर ११ मीटरपर्यंत. अशा बोटी क्लबवाले ट्रेलरवरून नेतात, टपावरून नाही.

आता गाडी. भारतात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना करात सवलत मिळत आली आहे, म्हणून आपल्या घरोघरच्या बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या एसयूव्ही जेमतेम चार मीटरच्या असतात. दहा फूट म्हणजे सुमारे तीन मीटर. म्हणजे दहा फुटी कयाक अशा गाडीच्या लांबीत नीट बसते, पुढे-मागे काही बाहेर येत नाही. चौदा फुटी घेतली की ती सव्वाचार मीटरच्या पुढे जाते आणि कुठल्या तरी टोकाने डोकावतेच. सतरा फुटी म्हणजे पाच मीटरहून जास्त. गाडी छोटी आणि ग्रुप नवखा असेल तर दहा फुटांच्या आसपासची कयाक घेणं हा निम्मा प्रश्न सुटल्यातच जमा.

टप चार प्रकारचे

गाडीपाशी जा आणि टपाकडे नीट बघा. चारपैकी एक प्रकार असेल.

पहिला, पन्हाळीचा टप. जुनी अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, ओम्नी, सुमो यांच्या टपाच्या कडेला पावसाचं पाणी वाहून जायला पत्र्याची पन्हाळ असते. आपल्या आजोबा-काकांच्या काळातलं ‘कॅरिअर’ याच पन्हाळीत पाय रोवून उभं राहायचं. लग्नाला जाताना वळकटी, ट्रंका, परत येताना रुखवताचं सामान, सगळं त्यावर. आजही अशी गाडी घरात असेल तर तुम्ही नशीबवान. पन्हाळ मजबूत असते आणि त्यावर कॅरिअर पक्कं बसतं. फक्त गंज बघा. गंजलेल्या पन्हाळीवर भरवसा नको.

दुसरा, उंच रेलचा टप. दोन्ही बाजूंनी लांब दांडे आणि त्यांच्याखालून हात जातो इतकी फट. यावर आडवे बार पकडीने बसवता येतात. पण इथेच सगळ्यात मोठी फसगत होते. अनेक गाड्यांवरचे रेल फक्त शोभेचे असतात. प्लास्टिकचे, चिकटवलेले किंवा नावापुरते स्क्रू मारलेले. दिसायला रुबाबदार, वजनाला शून्य. ओळखायचं कसं? गाडीचं माहितीपुस्तक उघडा. त्यात रेलवर किती वजन चालतं ते दिलेलं असेल, तर रेल कामाचे. ‘शोभेसाठी’ असं लिहिलं असेल किंवा वजनाचा उल्लेखच नसेल, तर सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय त्यावर पेंढीसुद्धा ठेवू नका.

तिसरा, टपाला चिकटलेले रेल, ज्यांच्याखाली फट नसते. यांना त्या-त्या गाडीसाठी बनवलेली खास पकड लागते.

चौथा, कोरा टप. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक याच प्रकारात मोडतात. यावर बार बसवायचे तर दाराच्या चौकटीत अडकणारी पकड येते. दार उघडायचं, पकडीचा आकडा चौकटीच्या कडेत बसवायचा, पट्टी आवळायची, दार लावायचं. पकड नेमक्या मॉडेलची हवी. ‘सगळ्या गाड्यांना चालेल’ असं लिहिलेला सेट बघितला की सावध व्हा. सगळ्यांना चालणारी चप्पल कुणाच्याच पायाला नीट बसत नाही.

आणि गल्लीतला वेल्डिंगवाला? त्याला कमी लेखू नका. पन्हाळीच्या गाडीसाठी तो उत्तम कॅरिअर करून देतो. पण कोऱ्या टपाला भोकं पाडून नटबोल्ट मारायचा सल्ला त्याने दिला, तर हात जोडून घरी या. एक तर पावसाळ्यात पाणी आत येतं. दुसरं, टपाच्या कडेतून वायरिंग आणि काही गाड्यांत पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगा गेलेल्या असतात. तिसरं, गाडीच्या मूळ रचनेत फेरफार केला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनीला प्रश्न विचारायला आयतं कारण मिळतं. काढता-घालता येणारे बारच बघा.

आता वजाबाकी

गाडीच्या माहितीपुस्तकात टपावर जास्तीत जास्त किती वजन चालेल, हे दिलेलं असतं. छोट्या गाड्यांत हा आकडा बहुधा ५० किलोच्या आसपास असतो, मोठ्या एसयूव्हींत ७५ किंवा १०० किलोपर्यंत जातो. ‘पण आम्ही टपावर चौघं बसून फोटो काढलाय’ असं कुणी तरी म्हणणारच. उभ्या गाडीचा टप जास्त वजन पेलतो, खरंय. पुस्तकातला आकडा धावत्या गाडीचा असतो. खड्डा, वळण, ब्रेक हे सगळं त्यात धरलेलं असतं.

दुसरी गंमत अशी, की या आकड्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही येतं. करून बघा.

समजा टपाची मर्यादा ५० किलो. लोखंडी पाइपचं कॅरिअर केलं, वजन २० किलो. उरले ३०. कयाक २५ किलोची. शिल्लक ५ किलो. एक कयाक जाईल, पण वल्ही आणि लाइफ जॅकेट गाडीच्या आत ठेवा.

आता अ‍ॅल्युमिनियमचे दोन आडवे बार घेतले, वजन ६ किलो. खाली फोमच्या गाद्या, २ किलो. कयाक २५. एकूण ३३. आरामात.

‘मग दुसरी कयाकही टाकू!’ थांबा. बार ६, दोन कयाकसाठीचे उभे कंस ८, कयाक ५०. झाले ६४. पन्नासच्या टपावर चौदा किलो जास्त. हाच हिशेब ७५ किलोच्या टपावर बसतो. म्हणजे दोन कयाक न्यायच्या तर गाडी बदला किंवा दोन गाड्या करा. दोरी कितीही चांगली असली तरी ही वजाबाकी बदलत नाही.

अजून एक नियम लक्षात ठेवा. गाडीच्या टपाची एक मर्यादा, बारची दुसरी, कंसाची तिसरी. तिन्हींत जो आकडा सगळ्यात लहान, तोच खरा.

कयाक ठेवायची कशावर?

बार बसले. त्यावर कयाक थेट ठेवली तर प्लास्टिक घासतं आणि बोट घसरते. मध्ये काही तरी हवं. पर्याय साधारण तीन.

सगळ्यात स्वस्त म्हणजे फोमच्या गाद्या किंवा खाच पाडलेले फोमचे ठोकळे. पोहायला शिकवताना वापरतात ते फोमचे लांब नूडल बारभोवती गुंडाळले तरी छोट्या अंतराला काम भागतं. कयाक पालथी ठेवायची, म्हणजे बसायची बाजू खाली. सपाट कडा बारवर नीट टेकतात आणि पाऊस आला तरी बोटीत पाणी साठत नाही.

दुसरा पर्याय खोगिरासारख्या आकाराच्या गाद्यांचा. कयाक सुलटी ठेवायची असेल तर तिच्या गोलसर तळाला या गाद्या दोन्ही बाजूंनी धरतात. भार पसरतो, तळ चेपत नाही.

तिसरा म्हणजे इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा कंस. यात कयाक कुशीवर उभी राहते, म्हणून जागा कमी लागते. पाऊण मीटर रुंदीच्या दोन कयाक आडव्या ठेवल्या तर दीड मीटर होतात, तेवढा सपाट टप छोट्या गाडीला नसतो. अशा वेळी हे कंस कामी येतात. तोटा असा, की बोट उंच जाते, आडवा वारा जास्त खाते आणि एवढ्या उंचीवर उचलून ठेवायला दोघं धडधाकट लागतात.

रूफ रॅकच्या जगात ज्यांचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं, त्या स्वीडनच्या थूले कंपनीची सुरुवात १९४२ मध्ये मासे पकडायच्या सापळ्याने झाली. रूफ रॅक नंतर आले. अशा नामांकित कंपनीचा माल चांगलाच असतो, पण बार, पकड आणि कंस मिळून किंमत कधी कधी सेकंडहँड कयाकच्या जवळ जाते. पैसे मोजकेच असतील तर ते कुठे घालायचे? आमचं मत स्पष्ट आहे. बार आणि पकड चांगलीच घ्या, त्यात काटकसर नको. कंसाऐवजी फोम चालेल. आणि पट्ट्यांवर एक रुपयाही वाचवू नका.

गाठ कुणाकडून शिकायची?

टपावर सामान बांधायचं शास्त्र शिकायला परदेशी व्हिडिओ बघा, हरकत नाही. पण महामार्गावरच्या ढाब्यापाशी उभं राहिलात तरी बरंच कळेल. कडब्याचा टेम्पो बघा. मंडपवाल्याचा पिकअप बघा. लांबलचक बांबू कधी एकाच दोरीने बांधलेले दिसणार नाहीत. मध्ये दोन, पुढे एक, मागे एक. कयाकलाही नेमकं हेच लागतं.

मधले दोन म्हणजे रुंद पट्टे, प्रत्येक बारपाशी एक. पट्टा कयाकवरून टाकायचा, बारच्या खालून घ्यायचा आणि परत वरून आणायचा. बारखालून जाताना तो कयाकला चिकटून खाली उतरला पाहिजे. लांब बारच्या टोकापाशी बांधला तर कयाक डावी-उजवीकडे सरकत राहते. दोन बारमधलं अंतर गाडी देईल तेवढं जास्त ठेवा. बार जवळजवळ असतील तर बोट ढेंगणासारखी वर-खाली होते.

पट्टा कुठला? दाबून धरणाऱ्या साध्या बकलचा. हाताच्या ताकदीने ओढायचा, बकल पकडतं. ट्रकला वापरतात तो खटखट आवळायचा रॅचेट पट्टा मोहात पाडतो, पण त्याने एवढा जोर लागतो की प्लास्टिकची कयाक चेपते. आपल्याकडे तर आणखी सांभाळायला हवं. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीचा टप तव्यासारखा तापतो, पॉलिथिलीन मऊ पडतं आणि घट्ट आवळलेल्या पट्ट्याखाली कायमचा खळगा पडतो. चहाला थांबलात तर गाडी सावलीत लावा. मुक्काम असेल तर पट्टे सैल करा, आणि सकाळी पुन्हा आवळायला विसरू नका.

पुढची आणि मागची दोरी आळशीपणाने टाळली जाते. पुढच्या दोरीचं काम बोटीचं नाक वर उचलू न देणं. ती गाडीला ओढण्यासाठी दिलेल्या हुकाला किंवा बॉनेटखाली बोल्टला लावलेल्या पट्टीच्या फासाला बांधा. प्लास्टिकच्या बंपरला बांधलेली दोरी म्हणजे मनाचं समाधान. दोरी पॉलिएस्टरची घ्या. साधी नायलॉनची दोरी ताण आला की लांबते, ओली झाली की आणखी. सुतळी आणि कपडे वाळत घालायची दोरी घरीच राहू द्या. लोंबतं टोक नीट गुंडाळून बांधा. तेच सुटून चाकात गेलं तर पुढचं सांगायला नको.

पट्टा वाऱ्यात फडफडून गुणगुणतो आणि तासाभरात डोकं उठतं. त्याला मध्ये अर्धा पीळ द्या, आवाज बंद.

वारा फुकट नसतो

वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो, हे अकरावीत शिकलोय. टपावर ते अनुभवायला मिळतं. ताशी ६० वरून १०० वर गेलात तर कयाकवरचा जोर जवळपास पावणेतीन पट होतो. समोरून २० च्या वेगाचा वारा असेल तर ८० वर चालवतानाही कयाकला १०० च्या वेगाचा वारा झेलावा लागतो. आपला माळ उघडा, अडवायला झाड नाही, त्यात कंटेनर बाजूने गेला की झोत वेगळाच बसतो. चारपदरी रस्त्यावर गाडीला १०० ची परवानगी असली तरी टपावर कयाक असताना ६०-७० पुरे. डावी लेन धरा. घरी अर्धा तास उशिरा पोहोचाल, एवढंच.

ब्रेकचं गणितही बघा. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर २५ किलोची कयाक साधारण २० किलोच्या ओढीने पुढे निघू पाहते. मधले पट्टे तिला खाली दाबून धरतात, पण पुढे सरकण्यापासून थांबवतात ते पुढचे-मागचे दोर.

आणि मागचा माणूस. ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तुमच्यामागे ३० मीटरवर त्याच वेगाने बाईक असेल, तर कयाक पडल्या जागी ती दीड सेकंदाच्या आत पोहोचते. त्या वेळात माणसाला काय घडतंय ते कळेपर्यंतच उशीर होतो.

पोलिसमामांनी विचारलं तर

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९४ मध्ये पोटकलम १-अ आलं. गाडीतला माल बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला परवानगीपेक्षा जास्त बाहेर आला तर २०,००० रुपये दंड, शिवाय तो माल उतरवण्याचा खर्चही तुमचाच. बाहेर डोकावणाऱ्या कयाकला या कलमातून वेगळी सूट नाही. म्हणून लांबीचा मुद्दा सुरुवातीलाच घेतला. दहा फुटी कयाक चार मीटरच्या गाडीच्या चौकटीत राहिली तर वाद घालायची वेळच येत नाही.

‘त्यापेक्षा छोटा हत्ती करू की!’ चांगला विचार, पण मोजून बघा. त्याचा हौदा साधारण सात फुटांचा. दहा फुटी कयाक तीन फूट बाहेर येईल. मोठ्या हौद्याचा पिकअप मिळाला, कयाक आत पूर्ण मावली आणि भाडं चौघांत वाटलं, तर वर्षातून दोन-तीनदा जाणाऱ्यांसाठी हा टपापेक्षा शहाणपणाचा मार्ग आहे. फक्त मागे कयाक धरून कुणाला बसवू नका.

हवा भरा, निघा

एक पर्याय आपण विसरतो. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा तालुक्यात पुराने थैमान घातलं, तेव्हा बचावासाठी एनडीआरएफची पथकं आली. अशी पथकं हवा भरायच्या रबरी बोटी वापरतात, त्यामागचं एक कारण साधं आहे. घडी करून गाडीत टाकता येतात आणि पाण्याच्या काठावर दहा-पंधरा मिनिटांत तयार होतात. हौशी लोकांसाठीही हवा भरायच्या कयाक मिळतात. घडी केली की मोठ्या सॅकएवढी होते, डिकीत किंवा एसटीच्या डिकीतही मावते. टप नको, बार नको, दंडाची भीती नको.

तोटे आहेत. वाऱ्यात ती पटकन वाहवते, वेग कमी मिळतो, बाभळीच्या काट्यांनी भरलेल्या काठावर जपावं लागतं आणि घरी येऊन पूर्ण वाळवली नाही तर कुबट वास मारते. पण गाडी स्वतःची नाही, पप्पांची आहे आणि तिच्या टपावर ओरखडा आला तर घरात काय होईल याची कल्पना आहे, अशांनी हा पर्याय आधी बघावा.

पोहोचलात, पुढे?

मुंबईच्या कौस्तुभ खाडेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या मोहिमेत गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे ३,००० किलोमीटरचा पश्चिम किनारा कयाकने पार केला. असं वाचलं की अंगात येतं. पण त्यामागे वर्षांची तयारी असते. आपण जलाशयावर जातोय म्हणून सोपं, असं समजू नका. २१ मे २०२४ ला उजनीच्या फुगवट्यात कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी आभाळ कसं बदलतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. सकाळी जा, अकरापर्यंत बाहेर या. लाइफ जॅकेट बोटीत ठेवायचं नसतं, अंगात घालायचं असतं.

नळदुर्गचा किल्ला संरक्षित स्मारक आहे. तिथल्या पाण्यात स्वतःची बोट सोडायची तर आधी रीतसर परवानगी काढा. धरणाच्या पाण्याचंही तसंच, जलसंपदा खात्याला विचारा. आणि पाणी चढलेलं असताना कुठल्याही बांधाच्या किंवा सांडव्याच्या जवळ कयाक नेऊ नका. वरून शांत दिसणारं पाणी कडेला ओढून नेतं, आणि खाली कोसळणाऱ्या पाण्यातून माणूस सहज वर येत नाही. नर-मादी लांबूनच सुंदर दिसतात.

निघण्याआधी दहा मिनिटं

• माहितीपुस्तकातली टपाची मर्यादा बघितली? बार, कंस, कयाक यांची बेरीज केली?

• बार हाताने गदागदा हलवून बघितले? गाडी हलली पाहिजे, बार नाही.

• मध्ये दोन पट्टे, पुढे-मागे एकेक दोर. बकल कयाकवर आदळत नाही ना?

• लोंबणारं एकही टोक नाही ना?

• कयाकमधलं सुटं सामान काढलं? वल्ही, बाटल्या, सीट सगळं गाडीत.

• गाडीची नवी उंची किती? आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगपाशी लावा. पार्किंगच्या कमानीखाली आठवण येते.

• पहिल्या दहा किलोमीटरच्या आत एक थांबा ठरवा. नळदुर्गहून सोलापूरकडे निघालात तर अणदूरलाच गाडी बाजूला घ्या आणि पट्टे तपासा. खंडोबाही या दोन गावांत ये-जा करतो, पण सगळं ठरवून, रीतीने. आपणही तसंच करावं.

मग नळदुर्गच्या चौघांनी नेमकं काय घ्यावं? वर्षातून दोनदा जाणार असाल तर कयाक विकतच घेऊ नका, तिथेच भाड्याने घ्या. चार-सहा वेळा जाणार आणि गाडी घरच्यांची असेल तर हवा भरायची कयाक. दर महिन्याला पाण्यावर असाल, गाडीच्या टपाला खरी मर्यादा दिलेली असेल आणि बांधाबांध शिकायची तयारी असेल, तर दहा फुटी एक कयाक, अ‍ॅल्युमिनियमचे बार, फोमच्या गाद्या, चांगले चार पट्टे आणि दोन दोर. एवढ्यावर सुरुवात होते. उभे कंस, दुसरी कयाक, मोठी गाडी यांचा विचार पुढच्या वर्षी.

आणि ग्रुपमध्ये एक नियम ठरवून टाका. ज्याने पट्टे आवळले, त्याने पहिले दहा किलोमीटर बाईकवर, पुरेसं अंतर ठेवून, कयाकच्या मागून यायचं. तो ‘नको रे, मी गाडीतच बसतो’ म्हणाला, तर गाडी सुरू करू नका. पट्टे पुन्हा बांधा.